बाबांच्या फाइलमधला क्रमांक 14

दोन महिन्यांनी परदेशी निघताय, बाबा रोज नवी सूचना करतायत, त्यातलं काय मनावर घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. मला बाहेर येऊन अकरा वर्षं झाली, त्या भरवशावर सांगतो.

कागदांच्या बाबतीत निमूट ऐका. माझ्या वडिलांनी एक फाइल करून दिली होती. प्रत्येक कप्प्यावर पेन्सिलीने क्रमांक, पहिल्या पानावर यादी. मी चोवीस वर्षांचा शहाणा. सगळं मोबाइलमध्ये आहे म्हणत अर्धी फाइल रिकामी केली. कारण वजनाचं दिलं, खरं तर लाज वाटत होती. पुढे विद्यापीठाने लहानपणच्या लसींची नोंद मागितली. गोवराची लस कधी टोचली, हे कुणाला आठवतं? फोन केला. "क्रमांक 14 ना? थांब," म्हणाले, आणि दोन मिनिटांत फोटो आला. मी काढून टाकलेले कागद त्यांनी त्याच क्रमाने दुसऱ्या फाइलमध्ये लावून ठेवले होते. "सांगितलं होतं" हे मात्र तोंडातून निघालं नाही.

जन्मदाखला, पदवी यांवर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागणार असेल तर आत्ताच करून घ्या. 1961च्या हेग करारातल्या बहुतेक देशांत तो एक शिक्का पुरतो, पण मिळतो कागद ज्या देशाचा तिथेच. नंतर केलंत तर रांगेत बाबाच उभे राहणार. मूळ कागद हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच, चेक-इन सामानात चालत नाही. आणि बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो बंद पडू देऊ नका. मी पडू दिला, जाऊ दे.

"पहिली नोकरी सोडू नकोस" हे मात्र मी उगाच ऐकलं. त्यांच्या काळी नोकरी म्हणजे निवृत्तीपर्यंतची सोय. माझा करार वर्षावर्षाचा. वाईट साहेबाखाली तीन वर्षं फुकट गेली. आईचं "तापात असताना काही ठरवू नये" तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. पहिल्या हिवाळ्यात फणफणलेलो असताना परतीचं तिकीट काढायला बसलो, कार्डाचे आकडे टाकता टाकता ते आठवलं. लॅपटॉप मिटून झोपलो.

बाबा यादी करत असतील तर आजच मागून घ्या. एखादं अक्षर लागलं नाही तर ते शेजारी बसलेले असतानाच विचारून घ्या.