वाचकांचे प्रश्न : गहू वर्ज्य असताना बाहेरचे जेवण

प्रश्न : आमच्या सोळा वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी सिलिॲक आजाराचे निदान झाले. घरातला गहू बंद केल्यापासून तिचे वजन आणि हिमोग्लोबिन दोन्ही सुधारले. मात्र बाहेर जेवल्यावर तिचे पोट पुन्हा बिघडते, तेही ज्वारीची भाकरी, शेवभाजी असे गहू नसलेले पदार्थ खाऊन. आता हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या आणि पुढे लग्नसराई येईल. तिचे बाहेरचे खाणे पूर्ण बंद करावे का? – एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, पूर्ण बंद करण्याची गरज नाही, पण हॉटेलात विचारायचा प्रश्न मात्र बदलावा लागेल. ‘यात गहू आहे का?’ असे विचारले, की वाढपी ‘नाही’ म्हणतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पदार्थ ज्या परातीत, तव्यावर किंवा तेलात तयार झाला, त्याला आधी गव्हाचे पीठ लागले होते का, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तो आपणहून सांगत नाही.

या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसते असे मानले जाते. रोज ५० मिलिग्रॅम काही महिने पोटात गेले, तर अस्तराला इजा होऊ शकते. एक ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते, म्हणजे पोळी लाटताना भुरभुरलेले चिमूटभर पीठसुद्धा ही मर्यादा ओलांडायला पुरेसे ठरते. शिवाय तव्याच्या किंवा उकळत्या तेलाच्या उष्णतेने ते नष्ट होत नाही. भांडे साबण-पाण्याने घासूनच ते काढावे लागते.

आता भाकरीचेच पाहा. ज्वारीत ग्लुटेन नाही, बाजरीत नाही, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्यातही नाही. परंतु गिरणीत गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली, की जात्यात उरलेले गव्हाचे पीठ त्यात उतरते. भाकरी थापताना चिरू नये म्हणून काही आचारी ज्वारीत मूठभर कणीक मिसळतात, आणि गर्दीच्या वेळी एकाच तव्यावर आधी पोळ्या व मग भाकरी पडते. त्यामुळे आपल्या भागात भाकरी सगळीकडे मिळते म्हणून निर्धास्त होणे योग्य नाही. माझ्या मते मुलीच्या बाबतीत हॉटेलची भाकरी हाच सर्वांत संशयास्पद पदार्थ आहे. घरच्या पिठाच्या दोन भाकरी फडक्यात बांधून न्याव्यात, किंवा स्वतंत्र पातेल्यात शिजलेला साधा भात मागावा.

शेवभाजीची शेव बेसनाची असली, तरी ज्या कढईत कचोरी आणि पापडी तळली जाते त्याच तेलातून ती निघालेली असू शकते. त्याहून सहज नजरेआड होतो तो हिंग. बाजारातला डबीतला हिंग शुद्ध नसतो. तो मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळून तयार केलेला असतो. डबीवरील घटक वाचल्यास मैदा आहे की तांदूळ, हे लगेच कळते. घरी तुम्ही तांदळाचा हिंग वापरत असाल, पण हॉटेलातली फोडणी, सांबार आणि मसाला ताक यांत कोणता पडतो, हे विचारावेच लागते. म्हणून तळलेल्या शेवेपेक्षा पाटोडीचा रस्सा मला अधिक बरा वाटतो, कारण त्या वड्या शिजवून थापलेल्या असतात. रस्सा दाट करण्यासाठी कणीक लावलेली नाही आणि हिंग मैद्याचा नाही, एवढी खात्री मात्र करून घ्यावी.

बोलताना ‘ग्लुटेन’ हा शब्द टाळावा. ‘गहू, मैदा, रवा, जव काहीच चालत नाही, चिमूटभरही नाही, डॉक्टरांनी सांगितलेला आजार आहे,’ असे मालकाशी किंवा थेट आचाऱ्याशी बोलावे, शक्य तर आधी फोन करून आणि गर्दी होण्यापूर्वीची वेळ ठरवून. आपल्याकडच्या आचाऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, ती म्हणजे उपवास. उपवासाच्या पदार्थाला धान्याचा स्पर्श नको, हे त्याला ठाऊक असते, आणि काही ठिकाणी त्यासाठी वेगळी कढई व वेगळे तेल ठेवलेले असते. त्यामुळे साबुदाण्याची खिचडी किंवा भगर-आमटी हा चांगला आधार आहे, मात्र साबुदाणावडा मागवण्याआधी तेलाची चौकशी हवीच. चायनीजच्या गाड्यावरचा भात मात्र तिने टाळावा. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो आणि त्याच कढईत नूडल्स परतलेल्या असतात.

भरीत पार्टीला तिला अवश्य पाठवा. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या आगीवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात यांत तिला वर्ज्य असे काहीच नाही. (जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे सुख तिच्यापासून हिरावून घेण्याचे कारण नाही.) धोका आहे तो पुऱ्यांचा. पुऱ्यांच्या कढईतले तेल भरताच्या फोडणीला वापरू नये, आणि कणीक मळलेल्या हाताने कालवण्यापूर्वी तिचा वाटा वेगळा काढावा. लग्नातल्या वरण-बट्टीच्या पंगतीत काळजी जास्त लागते. बट्टी गव्हाची असतेच. शिवाय ती बुडवलेले तूप, कुस्करताना वाढप्याच्या हाताला लागलेला चुरा आणि तोच हात लागलेला भाजीचा डाव यांतून गहू सगळ्या ताटात पोहोचतो. यजमानांना सांगून पंगत बसण्याआधीच मुदपाकखान्यातून भात, वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी तिच्या स्वतःच्या डब्यात घ्यावी. हिंगाची चौकशी अर्थात इथेही करावी.

चुकून गहू पोटात गेलाच, तर उलटी काढू नये. भरपूर पाणी व साधे जेवण द्यावे आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. ‘ग्लुटेन पचवणाऱ्या’ गोळ्यांच्या भरवशावर पोळी खाऊ देऊ नये.

प्रश्न : मला सिलिॲक आहे, पण व्यवसायासाठी फिरताना आठवड्यातून एकदा समोसा किंवा पोळी खाल्ली तरी काही त्रास होत नाही. मग चालेल ना? – एक वाचक, शहादा

उत्तर : नाही. अनेक रुग्णांना लक्षणे जाणवत नाहीत, तरी आतड्याच्या अस्तराची इजा चालूच राहते, आणि त्यातून रक्तक्षय किंवा हाडांचा ठिसूळपणा पुढे केव्हातरी उघड होतो. अस्तर भरून यायला महिने, प्रौढांत कधी वर्षेही लागतात; दर आठवड्याचा समोसा ते भरूच देत नाही. आपल्या डॉक्टरांना विचारून टीटीजी ही रक्ततपासणी करून घ्या, मात्र ती सामान्य आली तरी समोशाला मुभा मिळाली असे समजू नका. प्रवासासाठी केळी, भाजलेले शेंगदाणे आणि उकडलेली अंडी जवळ ठेवावीत. पाकिटावर ‘ग्लुटेन-मुक्त’ असे छापलेले असल्यास भारतीय नियमांप्रमाणे त्यात ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. सुट्या फरसाणाला असे कोणतेही आश्वासन नसते.