अंगठा लागत नाही

"म्याडम, आमचे बाबा मोबाईल शिकतच नाहीत. सांगायला गेलं की चिडतात. आता तर दिवसभर ओट्यावर बसून असतात, वावरातही जात नाहीत."

हे गाऱ्हाणं मी इतक्या मुला-सुनांच्या तोंडून ऐकलं आहे की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "या वयात आता काय शिकणार म्हणा!" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आठवडी बाजाराच्या दिवशी समुपदेशनाला बसते. माणसं भाजीची पिशवी कोपऱ्यात ठेवून बोलतात. कुठे गेला होता म्हणून कुणी विचारलं, तर बाजाराला.

त्यातल्याच एका घराची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. त्यांना आपण आबाजी म्हणू. वय सत्तरीच्या पुढे, कोरडवाहू शेती, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. मुलगा-सून घरी, नातू पुण्यात नोकरीला. आबाजींनी मोबाईल तुरीच्या कोठीत टाकून दिला होता आणि महिनाभर ते कुणाशी धड बोलत नव्हते.

पहिल्या भेटीत मी नेहमीची चौकशी केली. झोप, जेवण, ऐकू येणं, विसरणं, डोळे. डोळ्यांचं मुद्दाम सांगते. "बाबांना कळत नाही" या तक्रारीमागे कितीदा नुसता मोतीबिंदू निघतो. आधी डोळे तपासा, मग अक्कल काढा. आणि आमच्या भागात जो प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणाला उठू देत नाही, तोही सरळ विचारला: "आबाजी, मरून जावं असं वाटते का कधी?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत खोटी आहे. (घरच्यांनीही विचारावं. उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर रात्रीबेरात्रीही फुकट बोलता येतं.)

"मरायचं नाही ना ताई," आबाजी म्हणाले, "पन असून नसल्यासारखं झालं."

इतकं स्पष्ट बोलले, तरी माझी चूक झालीच. मला वाटलं, यंत्राची धास्ती आहे. अक्षरं मोठी करून दिली, भजनं लावून दाखवली. आबाजी "हो, हो" म्हणत राहिले आणि पुढचे तीन बाजार फिरकलेच नाहीत. आमच्याकडचा माणूस भांडतो तोवर तो तुमच्यासोबत असतो. "हो, हो" म्हणायला लागला की उठून गेला समजावं. एवढ्या वर्षांनी हे मला कळायला हवं होतं.

चौथ्या बाजाराला आजी त्यांना घेऊन आल्या. त्या दिवशी मी शिकवण्याचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "मोबाईल कोठीत टाकला, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?"

किसान सन्मानचा हप्ता अडकला होता. २०१९ पासून मिळणारे वर्षाचे ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,०००. केवायसी, म्हणजे ओळख पटवायला, आबाजी केंद्रावर गेले. यंत्रावर अंगठा ठेवला. लागला नाही. पुन्हा ठेवला. "बाबा, हात धुऊन या." नळावर जाऊन आले. मग एकेक करत सगळी बोटं. रांगेत कुणीतरी हसलं. शेवटी तिथला मुलगा म्हणाला, ओटीपीवर करू. आधारला नंबर नातवाचा, नातू मिटिंगमध्ये. दोन तास आबाजी बाहेरच्या बाकावर बसून होते.

"दाखवा बरं अंगठा," मी म्हटलं.

त्यांनी हात टेबलावर ठेवला. अंगठ्यावर रेघा जवळपास नव्हत्याच. वखराची मूठ, कापसाची वेचणी, तुरीच्या पेंढ्या. कातडी पायरीच्या दगडासारखी गुळगुळीत झालेली. आबाजी स्वतःच त्याच्याकडे बघत बसले.

"पन्नास वर्षं वावरात झिजला. आता हाच अंगठा मले वळखत नाही म्हन्ते. सातबारा माह्या नावावर, अन् मी मीच आहो हे सांगाले पोट्ट्याले फोन लावा लागते!"

मी काही बोलणार तोच आजी हसल्या. "तुमाले आज लागलं. मी त लगन झालं तवापासून कोनाच्या ना कोनाच्या नावानंच चालून राह्यली."

आबाजींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग तेही हसले.

मोबाईल येत नाही हे त्यांचं दुखणं नव्हतंच. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. शेवटच्या टप्प्यावर माणूस मागे वळून हिशेब घालतो, की हे सगळं माझं होतं आणि बरं होतं. तो हिशेब जुळला नाही तर खंत उरते. मी या मांडणीची माणूस. तरुण सहकारी त्यावरून मला चिडवतात. पण ज्या कष्टांचा हिशेब आबाजी अभिमानानं मांडत होते, त्याच कष्टांनी त्यांची ओळख पुसली होती, हे त्या मांडणीमुळेच मला दिसलं.

पुढची कामं साधी होती. आधारला आबाजींचा स्वतःचा नंबर जोडला. ओटीपी साध्या फोनवरही येतो. अंगठा लागत नसेल तर या योजनेत चेहरा दाखवूनही केवायसी होते, २०२३ पासून. रांगेतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

अवघड होतं ते मुलाचं. त्याला मी अट घातली: "द्या इकडे" म्हणायचं नाही, आणि शिकवताना स्वतःचे हात पाठीमागे.

"म्याडम, दोन मिनिटाच्या कामाले अर्धा घंटा लागते."

"तुम्हाला बैलांचा डवरा धरायला किती दिवस लागले?"

"दोन हंगाम. लय पऱ्हाटी कापली."

"मग आबाजींनी कासरा काढून घेतला?"

तो थोडा थांबला. "शिव्या देल्या. कासरा नाही घेतला."

आणखी एक. मोठ्यांचा सल्ला विचारत जा, असं सगळेच सांगतात. मुलानंही विचारलं, "आबाजी, पानी येईन का?" आबाजी मला म्हणाले, "मोबाईलात पाहून घेते, मंग मले विचारते." खोटा प्रश्न म्हाताऱ्यांना लगेच कळतो. ज्याचं उत्तर तुमच्याजवळ खरंच नाही, तेच विचारा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत कापसाची ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की पैसे कापतात, १२ च्या वर घेतच नाहीत. २०२५ च्या हंगामात त्याची नोंदणीही ॲपवर गेली. ती मुलगा करतो. गाडी आज भरायची की दोन दिवस वाळवायचा, हे आबाजी सरकी दाताखाली धरून सांगतात. कट् वाजली पाहिजे.

सगळंच शिकायला हवं असंही नाही. २०२१ पासून पीकपेरा, म्हणजे वावरात काय पेरलं ते, शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर नोंदवायचा असतो. ते काम आबाजींनी मुलाकडेच ठेवलंय. फोटो कुठल्या धुऱ्यावरून काढायचा, तेवढं ते ठरवतात.

शेवटच्या भेटीला ते फोन घेऊनच आले. माझ्यासमोर पहिला ओटीपी आला आणि ते मोठ्यानं वाचायला लागले, "चार... सात..."

"आबाजी, हा कुणाला सांगायचा नसतो. बँकेतून बोलतो म्हणाला तरी नाही."

"पोराले?"

"त्यालाही नाही."

"तुमाले?"

"मलाही नाही."

आबाजींनी फोन छातीशी धरला आणि खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली.