वाचकांचे प्रश्न : तापमापीवरचे शून्य

प्रश्न : आम्ही यावल तालुक्यातले केळी-बागायतदार. माझ्या सासूबाईंवर स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली असून केमोथेरपीसाठी आम्ही भुसावळहून रेल्वेने मुंबईला जातो. मागच्या खेपेस परिचारिकेने तापमापीचे चित्र असलेला एक कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला ते शून्य ते दहा यांपैकी एका आकड्यावर दाखवायला सांगितले. सासूबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पतींकडे पाहिले, ‘काही नही, बरं शे’ म्हटले आणि शून्यावर बोट ठेवले. घरी मात्र त्या रात्ररात्र जागतात. यंदा कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या सणात नैवेद्याच्या रोटांना त्यांनी हात लावला नाही आणि लावा असे कोणी म्हटलेही नाही. पतींचे म्हणणे असे की, खरे सांगितले तर ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ पाठवतील, कदाचित केमोही थांबवतील. आम्ही काय करावे?

उत्तर : खरे सांगावे, आणि ते सासूबाईंनी स्वतः सांगावे.

या कागदाला ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’ म्हणतात. कॅन्सर रुग्णांच्या मनाची काळजी हा वैद्यकाचाच भाग मानणाऱ्या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड यांच्या पुढाकारातून तो आला. ‘मानसिक आजार’ हा शब्द टाळून ‘त्रास’ हा साधा शब्द मुद्दाम निवडला गेला, कारण आपल्या पतींना वाटते ती भीती तिकडच्या रुग्णांनाही वाटत होती. आकडा चार किंवा त्याहून अधिक आला तर अधिक चौकशी करायची, एवढाच त्याचा अर्थ. तो निदान नव्हे आणि केवळ त्या आकड्यामुळे केमो थांबत नाही. उलट मन खचलेला रुग्ण पुढच्या खेपा चुकवू लागतो, हे टाळण्यासाठीच हा खटाटोप असतो.

आकड्याखाली अडचणींची एक यादी असते आणि माझ्या मते कागदाचा मोलाचा भाग तोच, कारण तेथे भीती व उदासीबरोबर पैसा, प्रवास, घरची कामे, मुले, श्रद्धा, झोप, भूक, थकवा हे सारे विचारलेले असते. केळीचा घड काढणीला आला असताना घरातला कर्ता माणूस आपल्यामुळे मुंबईत अडकला आहे, ही खंत कित्येक आयांना दुखण्याहून जास्त जाळते. परंतु मुलासमोर ती उच्चारणार कोण? म्हणून पुढच्या खेपेस परिचारिकेला विनंती करा की हा कागद सासूबाईंकडून एकटीने भरून घ्यावा. त्यांना अक्षरे किंवा आकडे अवघड जात असतील, तर त्यांची अहिराणी समजणाऱ्या आपण शेजारी बसा, मात्र उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ द्या. ‘नैराश्य आहे का?’ असे विचारून काही हाती लागत नाही. ‘जीव कशात लागतो का?’ असे विचारले की बोलणे सुरू होते.

निद्रानाशाबद्दल डॉक्टरांना वेगळे सांगा. केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडनेही झोप उडते, आणि भूक मंदावणे वा थकवा येणे हे तर औषधांचेच परिणाम असू शकतात. म्हणून तज्ज्ञ अशा वेळी आवडत्या गोष्टींतून मन उठले आहे का, आपण घरावर ओझे झालो असे वाटते का, याकडे अधिक लक्ष देतात. मरण्याचे विचार त्यांनी बोलून दाखवले, तर पुढच्या खेपेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि त्यांना एकटे सोडू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आता कानबाईविषयी. त्या थकव्याने दूर राहिल्या की कोणाच्या मनातल्या विटाळाने, हे आपणच जाणता. कॅन्सर स्पर्शाने, एका ताटातल्या जेवणाने किंवा मळलेल्या कणकेतून पसरत नाही. हे घरात एकदा मोठ्याने बोलले जायला हवे आणि ते मुलाने बोलले तर उत्तम.

यादीत प्रवासाची अडचण नोंदवली, तर रुग्णालयातील समाजसेवा विभाग मदत करू शकतो. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर व थ्री-टियर वातानुकूलित वर्गात भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्याला त्याच वर्गांत 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ‘शून्य’ म्हणणाऱ्या रुग्णाकडे हा विभाग वळणार कसा?

प्रश्न : वडिलांना आम्ही ‘गाठ आहे’ एवढेच सांगितले आहे. अशा वेळी हा कागद त्यांच्यापुढे ठेवू द्यावा का? (शिरपूर, जि. धुळे)

उत्तर : ठेवू द्यावा. त्यावर आजाराचे नाव घ्यावे लागत नाही. त्रास विचारलेला असतो आणि तो वडिलांना आहेच. कॅन्सर वॉर्डात खाटेला खाट लागून असते, त्यामुळे त्यांना नाव ठाऊक नसेल असे मी गृहीत धरणार नाही. त्यांना किती जाणून घ्यायचे आहे हे डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्या. हा कागद एकदाच भरायचा नसतो. निदानाच्या वेळी, उपचार संपताना आणि आजार उलटल्यास तो पुन्हा भरून घ्यावा, कारण उपचार संपून घरी परतल्यावर, भेटीला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली की अनेकांचा आकडा वाढलेला आढळतो.