मेल सर्व्हर घेण्याआधी वापराचा हिशेब मांडा

आपल्या संस्थेचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आणि शाखा लातूर, नांदेड, बीडपासून तालुक्यांपर्यंत पसरलेल्या असल्याने, सर्व्हर कोणता घ्यावा हा प्रश्न बाजूला ठेवून आधी प्रत्येक शाखेत मेलबॉक्स किती, रोजची ये-जा किती आणि अटॅचमेंट केवढ्या, याची नोंद काढावी, असे मी आग्रहाने सांगेन. 2000 मेलबॉक्सना प्रत्येकी 5 जीबी धरले तरी 10 टीबी होतात. दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवली की ते दुप्पट होतात, आणि बॅकअपची जागा त्याहून वेगळी, कारण चुकून पुसलेला मेल प्रतीतूनही पुसला जातो. अटॅचमेंट मेलमधून जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे स्कॅन केलेली 9 एमबीची फाइल 12 एमबीची होते. तालुक्याच्या शाखेतील बेताच्या लाइनवर सकाळी सगळ्यांनी एकदम मेल उघडले की हा भार लगेच जाणवतो, म्हणून आकाराची मर्यादा आधीच ठरवावी.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या 2016 आणि 2019 या आवृत्त्यांचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. ते परवाने कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. आपल्या नावाने येणारे बनावट मेल ओळखता यावेत म्हणून लावायच्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या पहिल्या दिवसापासून हव्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार 180 दिवसांचे लॉग (सर्व्हरवरील घडामोडींच्या नोंदी) जपावे लागतात, त्यांचीही जागा धरावी.

विजेचे मात्र स्वतः जाऊन पाहावे: यूपीएसवर सर्व्हर असतो, पण स्विच आणि राउटर साध्या प्लगवर राहिलेले असतात, आणि वीज जाताच चालू सर्व्हरपर्यंत कोणीच पोहोचू शकत नाही.