विचारा बिनधास्त : मॅट आमची, पण शेत कुणाचं?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, रबराच्या मॅट आणि गॅस्केट बनवतो, एक्सपोर्टची कागदपत्रं मी बघते. जर्मनीच्या ग्राहकाने एक्सेल पाठवलीय, रबर कुठल्या शेतातलं त्याचे अक्षांश-रेखांश द्या म्हणतो. एक सॉफ्टवेअरवाला येऊन गेला, वर्षाला अडीच लाख द्या, सगळं ऑटोमॅटिक होईल म्हणाला. साहेब म्हणतात घेऊन टाक. घेऊ का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, इतक्यात नको. ग्राहक उगाच मागे लागलेला नाही पण. युरोपियन युनियनचा २०२३ चा कायदा आहे, गुरं, कोको, कॉफी, पाम, रबर, सोया आणि लाकूड या सात गोष्टी आणि त्यांच्यापासून बनलेला ठरावीक माल, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचा असेल तर तिकडे विकता येणार नाही. कायदा लागू व्हायची तारीख दोनदा पुढे ढकलली, आता मोठ्या-मध्यम कंपन्यांना ३० डिसेंबर २०२६ आणि लहान व अगदी लहानांना ३० जून २०२७. माल जंगलतोडीचा नाही असं स्टेटमेंट तिकडच्या सिस्टिममध्ये भरायचं ते ग्राहकाने, तुम्ही नाही. पण दंड त्याच्या युरोपातल्या वर्षाच्या उलाढालीच्या ४ टक्के किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो, म्हणून तो तुमच्या मागे लागलाय.

आधी माल वेगळा करा. कायद्यात फक्त नैसर्गिक रबर धरलंय, त्यामुळे गॅस्केट ईपीडीएम किंवा नायट्राइलच्या, म्हणजे कृत्रिम रबराच्या, असतील तर विषय संपला, तसं लेटरहेडवर लिहून द्या. मॅटचा कस्टम्सचा कोड ४०१६ असेल तर तो यादीत आहे. गंमत म्हणजे ४००९ चे होज पाइप यादीत नाहीत, रबर तेच असलं तरी. मला वाटतं तुमची निम्मी एक्सेल इथेच रिकामी होईल.

आता उरलेलं नैसर्गिक रबर. ते येतं केरळातल्या कोट्टायमच्या डीलरकडून, त्याच्याकडे पाच-पन्नास शेतकऱ्यांच्या रबराच्या शीट येतात, आणि तुमच्या गोडाऊनमध्ये हमाल त्यांच्या सगळ्या बेल (गठ्ठे) एकावर एक रचून मोकळा होतो. खरी गोम इथे आहे. माहिती असलेलं आणि नसलेलं रबर एकदा मिक्सिंग मिलमध्ये एकत्र गेलं की ती अख्खी बॅच गेली, टक्केवारीने हिशेब चालत नाही. तेव्हा बेलवर खडूने लॉट नंबर, बॅच कार्डवर तोच नंबर, डीलरच्या बिलावरही तोच. याला अडीच लाख लागत नाहीत, खडू लागतो आणि मिलवरच्या माणसाला रोज आठवण करावी लागते.

भारत युरोपियन युनियनच्या लो रिस्क, म्हणजे जंगलतोडीचा धोका कमी असलेल्या देशांच्या, यादीत आहे, त्यामुळे तुमच्या ग्राहकाचं जोखीम तपासायचं काम वाचतं, पण शेताचं लोकेशन तरीही द्यावंच लागतं, बरेच जण इथे फसतात. ४ हेक्टरपर्यंतच्या, म्हणजे साधारण दहा एकरांच्या शेताला एक पॉइंट पुरतो, त्याहून मोठं असेल तर बांधाची पूर्ण आखणी. पॉइंटमध्ये दशांशानंतर सहा आकडे हवेत. माझ्याकडे मागे अशा लोकेशनची एक एक्सेल शीट आली होती, एक्सेलने सगळे आकडे दोन दशांशांवर आणून ठेवलेले, म्हणजे किलोमीटरभराचा घोळ. दुसऱ्या शीटमध्ये अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली होती, नकाशावर टाकलं तर केरळचं शेत नॉर्वेच्याही वर बर्फाळ समुद्रात! अशी चूक सॉफ्टवेअर पकडेल कदाचित, पण दुरुस्त करायला डीलरलाच फोन लावावा लागतो.

सॉफ्टवेअर वाईट नाही हो. लॉट, बिल, शेत यांची साखळी जोडणं, जिओजेसन फाइल (शेतांच्या लोकेशनची नकाशा-फाइल) काढणं, सॅटेलाइट नकाशावर शेत ताडून बघणं, आणि ग्राहकाला कागद ५ वर्षं ठेवावे लागतात त्यासाठी ते जपून ठेवणं, हे सगळं ते छान करतं. फक्त एक विचारा त्या माणसाला. रबराची झाडं पंचवीस-तीस वर्षांनी म्हातारी होतात, मग शेतकरी ती तोडून नवीन लावतो. वरून बघणाऱ्याला ते जंगल गेल्यासारखं दिसतं, कायद्याच्या भाषेत ती जंगलतोड नाही कारण तिथे आधीही शेतीच होती. तुमचं सॉफ्टवेअर लाल झेंडा दाखवेल तेव्हा तो कोण आणि कशाने काढणार? याचं सरळ उत्तर आलं नाही तर चहा पाजून पाठवून द्या. आलं, तर तुमचा एक खरा लॉट देऊन तो त्याच्याकडून तुमच्यासमोर पूर्ण करून घ्या, मगच साहेबांना सांगा. वर्षाला चार-पाच कंटेनर जात असतील तर सध्या नीट एक्सेलवरही भागेल.

प्रश्न : वागळे इस्टेटमधून मशीनचे पार्ट लाकडी पॅलेटवर इटलीला जातात. त्या पॅलेटचंही जंगल शोधायचं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. माल वाहून न्यायला वापरलेलं पॅकिंग यात येत नाही. पॅलेटच विकायला पाठवत असाल तर मात्र येतं. आणि पॅलेटवरचा आयएसपीएम-१५ चा शिक्का वेगळा, तो किडीसाठी असतो, लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा. तो लागतोच, आणि तो बघून कुणी "जंगलाचं सर्टिफिकेट झालं" म्हणत असेल तर त्याला हा अंक वाचायला द्या.