नववीच्या मुलांनी सगळीकडे 'नाही' का लिहिलं?

सर, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नव्या शाळेत आरोग्याचं काम तुमच्याकडे आलं, तुम्ही नववी-दहावीकडून 40 प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, आणि खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण), तंबाखू, जागरण, उपाशी येणं, सगळ्यावर जवळपास प्रत्येकाने 'नाही' लिहिलं. हे खरं मानायचं का?

मानू नका. फॉर्मवर नाव होतं, हजेरी क्रमांक होता, आणि गोळा कोणी केले? वर्गशिक्षकांनी. त्या जागी मी असतो तरी 'नाही'च लिहिलं असतं. यवतमाळ जिल्ह्यात मी 27 वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली 11 वर्षं हे काम माझ्या गळ्यात होतं. पहिल्या वर्षी मीही हाच घोळ घातला आणि 'आमची मुलं निर्व्यसनी' असा अहवाल मुख्याध्यापकांना देऊन मोकळा झालो. त्याच आठवड्यात मुलांच्या मुतारीच्या भिंतीवर ताज्या पिचकाऱ्या होत्या.

दुसऱ्या वर्षी नाव काढलं. मुलं लिहीत असताना मी बाहेर व्हरांड्यात थांबलो. 'खर्रा खातोस का' असं न विचारता 'गेल्या 7 दिवसांत किती दिवस खाल्ला' असं विचारलं. आकडा लिहायला मुलांना कमी लाज वाटते. उत्तरं पार पालटली. जागतिक आरोग्य संघटना 13 ते 17 वयाच्या शाळकरी मुलांची पाहणी करते, तीही निनावीच असते.

निनावीपणाची एक किंमत मात्र मोजावी लागते. एका वर्षी एका कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, 'जगावंसं नाही वाटत'. कोणाचा कागद, पत्ता नाही. दोन रात्री मी अक्षरं ताडून पाहत बसलो. शेवटी प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं की कोणाला एकट्याने बोलायचं असेल तर मी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसतो, दार ओढून घेतो. चौथ्या दिवशी ते मूल आलं. पुढचं सांगत नाही. तेव्हापासून फॉर्मच्या तळाशी चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या फोनचा, 1098 छापायचो, आणि पुढे टेली-मानस ही मानसिक आधाराची सरकारी फोनसेवा सुरू झाल्यावर 14416 ही. तुम्ही हे पहिल्याच खेपेला छापा.

आता, नेमकं काय विचारायचं? माझ्या मते 40 प्रश्नांपेक्षा एक महत्त्वाचा: सकाळपासून काय खाल्लं-प्यायलं? शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच. तेरा-चौदा वर्षांचं पोर, अंग ऐन वाढीचं, एप्रिलपर्यंत ताटात खिचडी घेतं आणि जूनमध्ये नववीत गेलं की त्याच शाळेत, त्याच वासात, कोरडं बसतं. मजुरीला जाणारी आई पहाटेच शेतावर गेलेली असते. डबा आणणारे आणतात, बाकीचे कुरकुऱ्यांचं 5 रुपयांचं पाकीट फोडतात किंवा तेही नाही.

याचा धागा कुठे कुठे जातो ते मला रक्तक्षयासाठी शाळेत वाटायच्या लोहाच्या निळ्या गोळ्यांनी शिकवलं. आमच्याकडे त्या दर सोमवारी पहिल्या तासाला वाटायचो. एकदा खिडकीमागचं गवत कापलं तर खाली निळ्या गोळ्यांचा सडा! मी चिडलो. मग एक मुलगी म्हणाली, "सर, मळमळते. मागच्या वेळी तर ओकारी झाली." घरून निघताना काय घेतलंस? काळा चहा. रिकाम्या पोटी लोह म्हणजे मळमळ ठरलेलीच, आणि वर चहा म्हणजे लोह अंगी लागायलाही अडथळा. गोळी मधल्या सुट्टीनंतर हलवली. ज्याच्याकडे डबा नाही त्याला आधी शेंगदाणे-गूळ. तो खर्च आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून भागवला. शौच काळी होते हेही आधीच सांगून टाका, नाहीतर पोरं घाबरून गोळी सोडतात. गवतातल्या गोळ्या बऱ्याच कमी झाल्या, संपल्या असं म्हणणार नाही. मुलगे म्हणायचे, ही पोरींची गोळी. त्यांना आकडा ऐकवा: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींत 59 टक्के आणि मुलग्यांतही 31 टक्के रक्तक्षय निघाला.

मुली पाणी पीत नाहीत, हेही याच प्रश्नात कळेल. कारण विचारण्याआधी संडासाची कडी लागते का ते स्वतः जाऊन बघा.

आणि खर्रा. आम्ही पोरांना घेऊन टेप धरली होती: 2003 च्या कायद्याने शाळेपासून 100 यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी, म्हणजे साधारण 91 मीटर. पानठेला 60 मीटरवर निघाला, तक्रार केली, तो पुढच्या वळणावर सरकला. टेप धरणाऱ्यांपैकीच एक मला म्हणाला, "सर, मी तर आजोबाचा आणतो, त्यातलाच चिमूटभर." पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून दिलेला खर्रा आणायला घरचेच पाठवतात, पालकसभेत हे बोलल्याशिवाय ठेल्यावर राग काढून उपयोग नाही. दुसरं त्याने सांगितलं ते माझ्या डोक्यात नव्हतं: "खाल्ला की भूक नाही लागत." म्हणजे पुन्हा तोच रिकामा डबा.

व्यसनावर भाषण देऊ नका, पोरांना ते पाठ असतं. आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला लावा. जात नसतील, किंवा तिखटाने तोंड जळजळत असेल, तर दंतवैद्याकडे न्यायचंच. सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते आणि ती पूर्ववत होत नाही. पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. आमच्या वर्गात एकाची दोनच बोटं गेली. वर्ग एकदम गप्प झाला.

फॉर्म दिवाळीनंतर पुन्हा घ्या, परीक्षेच्या तोंडावर नको. आणि जमा करायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवू नका, पोरं फटीतून कागद ओढून एकमेकांचे वाचतात. आम्ही बिस्किटांचा पत्र्याचा डबा वापरायचो, झाकणाला चीर पाडून, कुलूप लावून.