वही काढून घेतलीत आणि करिअर विचारताय

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. तुमचा प्रश्न सरळ आहे, लेकीला बारावीला पीसीबीला 68 टक्के, तुमचं म्हणणं बीएस्सी नर्सिंग करून तिने जर्मनीला जावं, आणि ती म्हणतेय मला वृद्धाश्रमातल्या माणसांच्या हक्कांसाठी काम करायचंय. "हे करिअर असतं का मॅडम, की वयाचं खूळ?" असं तुम्ही विचारलंय.

त्याचं उत्तर देतेच, पण पत्राच्या मधे चार ओळीत जे उरकलंत ना, मी तिथेच अडकलेय. तुमच्या आई दीड वर्ष वृद्धाश्रमात आहेत. लेक दर रविवारी जाते. तिला दिसलं की आजीला दुपारी खुर्चीला ओढणीने बांधून ठेवतात, का तर पडू नये म्हणून, कानाच्या मशीनचा सेल संपून तीन आठवडे झालेत आणि मोबाईल ऑफिसच्या कपाटात आहे. तिने वहीत तारीख-वेळ टाकून सगळं लिहिलं आणि मॅनेजरला दाखवलं. मॅनेजरचा तुम्हाला फोन, "पोरीला आवरा नाहीतर दुसरी जागा बघा." आणि तुम्ही काय केलंत, लेकीला माफी मागायला लावलीत आणि वही कपाटात टाकलीत.

राग नाही आला असं म्हणणार नाही, आला. पण तुमची भीतीही कळली कारण ती माझीही होती. माझी मावशी शेवटची दोन वर्षं अशाच एका ठिकाणी होती, मी दर खेपेला तिथे काम करणाऱ्या बायकांसाठी पेढे न्यायचे आणि स्वतःला सांगायचे की प्रेमाने नेतेय, खरं म्हणजे आपलं माणूस त्यांच्या ताब्यात आहे म्हणून ती लाच होती. आपण बोललो तर आपण गेल्यावर राग आजीवर निघेल, या भीतीवरच असल्या जागा निवांत चालतात. तुमच्या अठरा वर्षांच्या पोरीने त्या भीतीला हात घातला म्हणून तुम्हाला ते खूळ वाटलं.

तिने अमेरिकेतल्या ऑम्बुड्समनबद्दल वाचलंय म्हणे, तसं इथे काही आहे का म्हणून विचारते. वृद्धाश्रमांसाठी तसं आपल्याकडे नाही. तिकडे नर्सिंग होममध्ये (आपल्याकडचं डिलिव्हरीवालं नव्हे, म्हाताऱ्यांना कायमचं ठेवतात ते) राहणाऱ्यांची बाजू घ्यायला प्रत्येक राज्यात असा माणूस नेमावाच लागतो. 1972 मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेलं हे काम, आणि 1987 च्या कायद्याने तर स्टाफच्या सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून कुणाला बांधायचं नाही, गुंगीचं औषध देऊन गप्प बसवायचं नाही हे लिहूनच टाकलं. ट्रेनिंग घेतलेले व्हॉलंटियरही तिथे हे काम करतात. पण मला त्यातला आवडलेला भाग वेगळाच आहे, तक्रार कुणाचीही असो, आधी त्या आजींना विचारायचं की तुम्हाला काय हवंय, आणि त्या नको म्हणाल्या तर पुढे जायचं नाही. तुमच्या लेकीने एवढं केलं, पण हे केलं का? पत्रात आजी काय म्हणाल्या ते कुठेच नाही. ना तिने लिहिलं, ना तुम्ही.

आता तुमचा एक गैरसमज. "हक्कांसाठीच लढायचं तर मग लॉ करू दे, निदान वकील तरी होईल" असं लिहिलंय. दादा, आपल्याकडे ज्येष्ठांसाठीचा मुख्य कायदा 2007 चा, त्याच्या ट्रिब्युनलपुढे म्हणजे प्रांतसाहेबांपुढे वकील लावायचा नाही असं कलम 17 मध्येच लिहिलंय, म्हाताऱ्या माणसाला स्वतः बोलता यावं म्हणून. काही हायकोर्टांनी नंतर वकील चालेल असं म्हटलंय, पण वकील लागतोच असं नाही. बाजू मांडायला हवं तर समाजकल्याणचा अधिकारी असतो. आणि दुसरं, जरा कडू लागेल, तो कायदा वृद्धाश्रमाच्या मॅनेजरविरुद्ध नाहीच, तो मुख्यतः तुमच्या-माझ्याविरुद्ध आहे, पोटगी न देणाऱ्या आणि आईबापांना टाकून देणाऱ्या मुलांविरुद्ध. वृद्धाश्रमांबद्दल त्यात आहे ते राज्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 गरीब ज्येष्ठांची सोय करावी वगैरे. तुमच्यासारखे दरमहा पैसे भरून ठेवतात त्यांना ग्राहक आयोग आहे, तिथेही स्वतः जाता येतं, वकिलाची सक्ती नाही. म्हणजे काळा कोट घालून भाषण ठोकणारी वकीलच लागते असं नाही, प्रांत ऑफिसात आजींच्या बाजूला बसून कागद नीट लावून देणारी बाई लागते, आणि ती फार कमी ठिकाणी सापडते.

मग तिने काय करावं? सीईटीच्या तारखा वेबसाईटवर असतात, त्यात मी वेळ घालवत नाही. आणि गंमत बघा, मीही नर्सिंगच म्हणणार आहे, पण तुमच्या कारणासाठी नाही. बेडसोअर म्हणजे पडून पडून होणारी जखम कशी असते, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती वेळाने बदलायची, "काकू हल्ली झोपूनच असतात" यात म्हातारपण किती आणि गोळी किती, हे ज्याला कळतं त्याला मॅनेजर फसवू शकत नाही. चार वर्षं नर्सिंग, मग वाटलं तर एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे, मुंबईत निर्मला निकेतन आणि टाटांची टिस आहे. तिला नर्सिंग नकोच असेल तर सरळ बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलीच पदवी, तेही चालेल. समाजकार्यात सुरुवातीचा पगार कमी असतो, खोटं कशाला सांगू. जर्मनीचं तिला वाटलं तर ती बघेल, भाषेची परीक्षा तिला द्यायचीय, तुम्हाला नाही.

पण फॉर्म भरायच्या आधी येत्या रविवारी तुम्ही दोघं जा. मशीनचा सेल घेऊन जा, पन्नास-शंभराची वस्तू आहे हो. दार लावा, आईला ऐकू येतंय ना बघा, मग विचारा की तुला इथे काय नको वाटतं आणि आम्ही बोललो तर चालेल का. चालेल म्हणाली तर मॅनेजरशी तुम्ही बोला, पोरीला पुढे करू नका, आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या. धमकी दिली तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन आहे, फुकट आहे, लेकीलाच लावू दे फोन, पलीकडून कसं बोलतात तेही तिला कळेल, उद्या तिथेच काम मागायला जाईल कदाचित.

आणि ती वही कपाटातून काढून तिला परत द्या. देताना शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे तेवढं बघा, त्यानंतरच्या रविवारांचं कुणीच काही लिहिलेलं नाहीये.